खडूनं आखलेलं घर

नांदुरा स्टेशनवर गाडीतून उतरा. साल १९१२. जळगाव-जामोदला जायचं तर इथून पुढे रूळ नाहीत. दमणी ठरवायची आणि काळ्या रानातून उत्तरेची वाट धरायची. येरळीपाशी पूर्णा ओलांडली की समोर सातपुड्याची कड दिसू लागते. उन्हाळ्यात आलात ते बरं केलंत. पावसाळ्यात या मातीत चाक रुतलं की बैलांचंही काही चालत नाही.

तुम्हाला भेटायचंय एका वकिलाला, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना. जन्म नागपूरचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, वकिलीची सुरुवात अकोल्यात आणि मग बस्तान इथं, तालुक्याच्या गावी. किर्लोस्कर मंडळींनी १८९६ साली त्यांचं ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणलं आणि पारशी-उर्दू नाटकांच्या धर्तीवरच्या नव्या चाली मराठी प्रेक्षकांच्या ओठांवर बसल्या. पुढं ‘मूकनायक’ आलं, त्यात दारूचा प्रश्न. मग ‘मतिविकार’, त्यात विधवाविवाह. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानतात, आणि काही वर्षांनी वि. स. खांडेकर नावाचा तरुणही मानणार आहे. बुलढाणा जिल्ह्याला मराठी रंगभूमीच्या इतिहासात जागा कुठली, असं कोणी विचारलं तर मी आधी याच गावाचं नाव घेतो.

पण आलाच आहात तर एक गोष्ट नीट पाहून घ्या. नाटक इथं लिहिलं जातंय, बसवलं जातंय मात्र दुसरीकडं. दाव्यांच्या कागदांतून वेळ काढून लिहिलेली पानं कंपनीच्या बिऱ्हाडी जातात. तिथं कोणीतरी नटाला सांगतो की हे वाक्य इथं तोड, इथं श्वास घे, पदाच्या आधी दोन पावलं पुढं ये. त्या माणसाला तालीम मास्तर म्हणतात. गोविंद बल्लाळ देवल नाटककार म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्यांच्या काळात मात्र ते तालीम मास्तर म्हणून तितकेच नावाजलेले होते. प्रेक्षक गाणाऱ्याला ओळखतो, पार्ट करणाऱ्याला ओळखतो. शिकवणारा विंगेत असतो.

जळगाव-जामोदला १९१२ साली नाटककार आहे, तालीम मास्तर नाही. हा एक माणूस नसला की नाटक गावात राहत नाही, ते शहराकडं जातं. पुढच्या सगळ्या प्रवासात आपल्याला याच माणसाचा शोध घ्यायचा आहे.

१९३३ साली मुंबईत फार वेळ थांबू नका, पण डोकावून जा. १ जुलैला ‘नाट्यमन्वंतर’ नावाची नवी संस्था ‘आंधळ्यांची शाळा’ करते आहे. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करताहेत, ज्योत्स्ना भोळे त्यांतल्या एक. दिग्दर्शन केशवराव दाते यांचं. प्रत्येक नट आपापली टाळी घेऊन मोकळा होतो ती जुनी रीत इथं दिसणार नाही. सगळ्या प्रयोगाचा एकच विचार आहे आणि तो एका माणसानं केलेला आहे. तालीम मास्तराचा दिग्दर्शक झाला तो साधारण या वळणावर.

आता परत आपल्या बाजूला या. साल १९५५, गाव औरंगाबाद. बुलढाण्याचा घाटमाथा संपला की मराठवाडा लागतो. निजामाचं राज्य जाऊन सातच वर्षं झालीत. मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेलं ‘युगयात्रा’ विद्यार्थी करताहेत आणि समोर बसलेत खुद्द बाबासाहेब आंबेडकर. नट व्हायचं म्हणून ही मुलं इथं आलेली नाहीत. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली, कित्येकांच्या घरात पहिलीच शिकणारी मुलं आहेत ती, आणि आज आपल्या समाजाचा युगानुयुगांचा इतिहास स्वतःच्या तोंडानं सांगताहेत. कॉलेजचं नाटक म्हणजे गॅदरिंगची करमणूक, असं ज्यांना वाटतं त्यांना मी नेहमी या प्रयोगाची आठवण देतो. आंबेडकरी जलशांनी गावोगावच्या चौकांत जे उभं केलं होतं, ते इथं कॉलेजच्या रंगमंचावर आलं. विद्यापीठाची रंगभूमी आणि वस्तीची रंगभूमी वेगळी मानण्याचं कारण नाही, हे आपल्या शेजारच्या जिल्ह्यानं त्या वर्षी दाखवून दिलं.

पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, तुमचा बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात येतो. नाटकवाल्यांसाठी हा बदल फक्त नकाशावरचा नव्हता. मुंबई राज्यात हौशी संस्थांसाठी सरकारी नाट्यस्पर्धा १९५४ पासून सुरू झालेली होती. वऱ्हाडातल्या मंडळींना आता तिचं दार उघडलं. गणपतीत वर्गणी काढून नाटक करणाऱ्यांना पहिल्यांदाच परीक्षक, नियम आणि निकाल असं काहीतरी समोर आलं.

इथून पुढं तुम्ही नुसते बघे राहणार नाही.

साल १९६६ धरा. जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तुम्ही मराठीचे प्राध्यापक आहात. खामगावला जी. एस. कॉलेज १९४७ पासूनचं, बाकी ठिकाणी मात्र कॉलेजं अजून नवीन आहेत, भिंतींचा चुना ओला आहे. तुमचं वय तिशीच्या आत. गॅदरिंगचं नाटक कोण बसवणार, असं प्राचार्यांनी विचारलं आणि सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडं वळल्या, एवढ्या भांडवलावर तुम्ही दिग्दर्शक झालात. नाट्यशिक्षण नाही, नाट्यगृह नाही. नाटकाचं पुस्तक एकच, म्हणून प्रत्येकाच्या वाटणीची वाक्यं वहीत हातानं उतरवून द्यायची.

चार वाजता कॉलेज सुटतं. सात नंबरच्या वर्गातले बाक मुलं भिंतीला लावतात. तुम्ही खडू घेऊन फरशीवर वाकता आणि रेघ मारता: हा दरवाजा. ही खिडकी. इथं आरामखुर्ची, इथून माडीवर जाणारा जिना. या रेघेवरून पाय टाकायचा नाही, ती भिंत आहे. पहिल्या दिवशी मुलं हसतात. भिंतीतून आरपार चालत जातात, जिन्यावर पाय न उचलता चढतात. आठव्या दिवशी नायकाचं काम करणारा मुलगा दारात थांबतो, नसलेली कडी काढतो, वाकून आत येतो. दार बुटकं आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. त्याच्या स्वतःच्या घराचं दार तसं असणार. तुम्ही त्याला थांबवत नाही. चोपडीत कोपऱ्यात लिहून ठेवता की दार बुटकं करायचं, सुताराला सांगणे.

दिग्दर्शन नावाची गोष्ट मला सगळ्यात स्पष्ट दिसते ती इथं. हे टाळ्यांच्या रात्रीचं काम नाही, बाक हलवलेल्या वर्गातलं आहे. पोराच्या अंगात आधीच असलेली गोष्ट ओळखायची, ती नाटकात ठेवायची आणि बाकीचं काढून टाकायचं. मोठ्या शहरातला दिग्दर्शकही हेच करतो. फरक इतकाच की त्याच्याकडं निवडायला नट असतात आणि तुमच्याकडं बी.ए. भाग दोनचा वर्ग.

आणि मुली. पुस्तकात स्त्रीपात्रं तीन, तयार झालेली मुलगी एक. तिचंही घरून ठरलेलं नाही. म्हणून एका संध्याकाळी तुम्ही सायकल काढून तिच्या घरी जाता. ओट्यावर तिचे वडील बसलेले. चहा येतो. ते बराच वेळ पावसाबद्दल आणि कपाशीच्या भावाबद्दल बोलतात. मग मुद्द्यावर येतात.

“सर, तुमी मोठे मानसं. पन पोरगी नाटकात गेली तं लोकं काय म्हनतीन?”

“भाऊ, मी स्वतः तिला घरापर्यंत आणून सोडीन. तालमीला माझी बायकोही येऊन बसेल.”

“रोज?”

“रोज.”

आणि खरोखरच रोज. त्या मुलीनं नंतर काय नाव काढलं हा प्रश्न वेगळा. तालुक्याच्या गावात एक मुलगी संध्याकाळी मंचावर उभी राहून मोठ्यानं बोलली, आणि गावानं ते बसून ऐकलं, यामागं कुणीतरी महिनाभर सायकल हाकलेली असते. नाट्यइतिहासाच्या ग्रंथांत या सायकलीची नोंद नाही. असायला हवी, असं मी मनापासून म्हणतो.

प्रयोगाची रात्र मी लवकर आटोपतो, ती सगळ्यांना माहीत आहे. भाड्यानं आणलेले पडदे, त्यांवर राजवाडा आणि उलट बाजूला जंगल. वीज जाईल म्हणून बाजूला पेटवून ठेवलेल्या गॅसबत्त्या. सफेदा, स्पिरिट गम, दाढीमिशा. विंगेत पुस्तक घेऊन बसलेला प्रॉम्प्टर. नारळ, तीन घंटा. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर गावातली प्रतिष्ठित मंडळी, मागं सतरंजीवर सगळं गाव. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात व्याकरण शिकवत असता.

डिसेंबर १९७२. वऱ्हाडात आणि सगळ्या महाराष्ट्रात दुष्काळ आहे, रोजगार हमीची कामं निघताहेत. तुम्ही मलकापूरला गाडी धरता, मनमाडला बदलता आणि नगर, दौंड करत पुण्याला उतरता. राज्य नाट्यस्पर्धा भरत नाट्य मंदिरात चालू आहे. १६ तारखेला प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचं नाटक आहे, विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’. दिग्दर्शक जब्बार पटेल. पंढरपुरात जन्मलेला, बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेला, मुलांचा डॉक्टर.

पडदा उघडतो आणि पडद्याचं कामच माणसं करू लागतात. ब्राह्मणांची रांग उभी आहे, गाते आहे, डोलते आहे. ती वळली की पुण्याची भिंत होते. फटी पडल्या की मागचं पाप दिसतं, मिटल्या की पुन्हा भजन. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना, मोहन आगाशे नाना फडणवीस आणि रमेश टिळेकर घाशीराम. तुम्ही खुर्चीच्या कडेवर आलेले असता. कीर्तन, दशावतार, तमाशा, लळित हे सगळं तुम्ही गावात पाहिलंय. त्यातून इतकं धारदार काही घडू शकतं हे मात्र कोणी दाखवलं नव्हतं. शिवाय या सगळ्याला किती पैसे लागलेत याचा हिशेब तुमच्या डोक्यात आपोआप सुरू होतो, कारण तुमचं अख्खं आयुष्य त्या हिशेबात गेलंय. माडी नाही, झुंबरं नाहीत. माणसं उभी आहेत. माणसं तर आपल्याकडंही आहेत!

पुढची हकिकत तुम्हाला बुलढाण्यात बसून वर्तमानपत्रांतून कळते. नाटकावरून वादळ उठतं. १९ प्रयोगांनंतर संस्थाच ते थांबवते. मग २७ मार्च १९७३ ला ही तरुण मंडळी बाहेर पडून ‘थिएटर अकॅडमी’ काढतात आणि नाटक पुन्हा उभं करतात. १९८० मध्ये ते युरोपापर्यंत जातं. तुमच्यासारख्याला यातलं एक सूत्र जास्त जवळचं वाटतं. हे सगळे नोकऱ्या-दवाखाने सांभाळून नाटक करणारे लोक आहेत. जब्बार पटेलांनी दवाखाना चालवला तो दौंडसारख्या तालुक्याच्या गावी. त्यांचेच सहकारी सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्रातलं काम करत होते. १९७४ मध्ये त्यांनी स्वतःचं ‘महानिर्वाण’ लिहून बसवलं. पुढं १९९६ ते २००९ त्यांनी पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र सांभाळलं आणि रंगकर्मींच्या किती तरी तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. मधल्या काळात, १९८५ पासून, थिएटर अकॅडमीनं पुण्या-मुंबईबाहेरच्या नाट्यसंस्थांना उभं करण्याची योजना चालवली. महाराष्ट्रात नाट्यदिग्दर्शकाची कारकीर्द विद्यापीठात आणि हौशी संस्थेत पूर्ण होऊ शकते, त्यासाठी व्यवसायाच्या दारात उभं राहावं लागत नाही, याचा इतका ठळक दाखला दुसरा मला सापडत नाही.

पुण्याहून परतलेले तुम्ही भाड्याचे पडदे बंद करता. मुलांची भिंत करता, मुलांचं झाड करता. पहिल्या वर्षी गावाला आवडत नाही. “सर, यंदा शिनशिनरी कुठं गेली?” असं स्पष्ट विचारतात. तिसऱ्या वर्षी विचारत नाहीत. १९७७ नंतर प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ हाती येते तेव्हा तुम्हाला कळतं की तुमच्या वर्गाला, तुमच्या गावाला आणि तुमच्या खिशाला झेपणारी एकांकिका हीच. मोजके नट, रिकामा मंच, आणि पाण्याचा प्रश्न, जो तुमच्या समोर बसलेल्या निम्म्या प्रेक्षकांनी गावच्या विहिरीवर भोगलेला आहे. प्रयोग संपल्यावर एखादा म्हातारा काही न बोलता बसून राहतो. तुम्हीही जाऊन त्याच्या शेजारी बसता.

१ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ सुरू होतं आणि जिल्ह्यातली कॉलेजं नागपूर विद्यापीठातून तिकडं जातात. युवक महोत्सवाची घाई सुरू होते. एकांकिका तीस मिनिटांत बसवायची, मूकाभिनय पाच मिनिटांत. अमरावती बुलढाण्याहून दोनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटेची एस.टी., टपावर बांधलेली लाकडी चौकट, खामगाव, अकोला, मूर्तिजापूर. मूर्तिजापूर आलं की तुम्ही मुलांना सांगता की वसंतराव देशपांडे या गावचे, ‘कट्यार काळजात घुसली’तले खाँसाहेब, आणि ते नाटक लिहून बसवणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे मास्तर, रंजन कला मंदिरात हौशी मंडळींकडून नाटकं करून घेत मोठे झालेले. मुलं पेंगत ऐकतात. ती ऐकत नाहीत असं वाटलं तरी सांगायचं, हे तुम्ही इतक्या वर्षांत शिकलाय.

कॉलेजच्या दिग्दर्शकाचं सगळ्यात मोठं दुःख बक्षीस न मिळण्याचं नसतं. दरवर्षी जूनमध्ये त्याची कंपनी फुटते, ते असतं. ज्या मुलाला बोलताना हातांचं काय करायचं हे शिकवायला दोन वर्षं गेली, तो तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन डी.एड.ला जातो, बाजार समितीत लागतो, पुण्याला कारखान्यात जातो. मुलीचं लग्न होतं. तुम्ही पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करता: हा दरवाजा, ही खिडकी. व्यावसायिक दिग्दर्शकाला एक प्रयोग चांगला करायचा असतो. तुम्हाला तीस-पस्तीस वर्षं दर जूनला नवखी पोरं घेऊन तेच करायचं असतं, आणि तरी एकदाही पाट्या टाकायच्या नसतात. मला विचाराल तर हे काम अधिक अवघड आहे. त्याचा मान मात्र आपल्याकडं निम्मासुद्धा नाही.

तुमच्या हाताखालून गेलेल्यांपैकी नट म्हणून नाव काढलेले थोडेच असतील. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत बालनाट्य बसवणारा गुरुजी, ग्रामसभेत उठून न अडखळता बोलणारी सरपंचबाई, कोर्टात मुद्दा मांडताना नेमकं कुठं थांबायचं हे जाणणारा वकील, आंबेडकर जयंतीला चौकात पथनाट्य करणारी पोरं, हे सगळे त्या सात नंबरच्या वर्गातून गेलेले आहेत. जिल्ह्याची रंगभूमी मोजायची तर ही माणसं मोजावी लागतील.

प्रवास इथं थांबतो. तुम्ही पुन्हा आजच्या बुलढाण्यात आहात. निरोप समारंभात शाल, श्रीफळ घेऊन घरी गेलेले असे सर चिखलीत आहेत, मेहकरात आहेत, मलकापूर, खामगाव, देऊळगाव राजात आहेत. त्यांच्या कपाटात प्रमाणपत्रं आहेत, हातानं लिहिलेल्या संहिता आहेत, मागं तारीख नसलेले काळे-पांढरे फोटो आहेत. फोटोतल्या मुलांची नावं फक्त त्यांनाच ठाऊक आहेत.

तुमच्या कॉलेजात नाटक बसवणारे असे कोणी सर किंवा मॅडम होत्या का, ते आठवा. असतील तर या दिवाळीत त्यांच्याकडं जा. फोटोच्या मागं नावं लिहून घ्या, साल लिहून घ्या, कोणतं नाटक आणि कोणी कोणतं काम केलं ते लिहून घ्या. संहितांची छायाप्रत काढून एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात आणि एक जिल्हा ग्रंथालयात द्या. आणि तुम्ही कुठल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर असाल तर एवढं करा: संध्याकाळी चार ते आठ एक वर्ग तालमीसाठी उघडा ठेवायला सांगा, आणि किल्ली ज्या शिपायाकडं असेल त्याला जादा वेळेचे पैसे द्या.